एक तास पन्नास मिनिटं

आमच्या गल्लीत माझ्या काकांबद्दल अशी बोलवा आहे की ते माशांच्या पिशव्यांत स्वतःच्या तोंडाने हवा फुंकतात, आणि दिवसभर फुंकून फुंकून संध्याकाळी त्यांच्याकडे बोलायला हवाच उरत नाही. कोपऱ्यावरचा चाव्या करणारा ही गोष्ट सांगताना गाल फुगवतो, डोळे बाहेर काढतो आणि पिशवी फुटल्यासारखा फुस्स करून स्टुलावर बसतो. हे मी त्याच्यासमोरच करून दाखवते आणि तोच सगळ्यात जास्त हसतो. गेल्या दोन वर्षांत या गोष्टीला एक शेपूट फुटलं. बायकोच्या छातीतली हवासुद्धा यानेच नेऊन माशांना घातली म्हणे. ते शेपूट मी कधीच करून दाखवलं नाही.

तर खरं असं आहे. तोंडाने फुंकलेल्या हवेवर मासा जगत नाही. आपण वापरून टाकलेली हवा ती, उष्टी. पिशवीत जातो तो सिलिंडरमधला ऑक्सिजन. काका शोभेचे मासे विमानाने गावोगावी पाठवायच्या कामावर आहेत, गेली सव्वीस वर्षं, आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही पिशवीला तोंड लावलेलं नाही. आणि ते बोलतात. फक्त आकड्यांत बोलतात. जेवलात का विचारलं तर "दोन वाजता." बरं वाटत नाही का विचारलं तर "शंभर पॉइंट चार." माझे बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, शब्दांचा धबधबा. ते म्हणतात, आमच्या आईने दोघांचं मिळून एकदाच बोलणं दिलं होतं, ते मी आधी येऊन घेऊन गेलो.

काकांची कामाची जागा म्हणजे एक लांबलचक शेड. आत शिरलं की आधी चष्म्यावर वाफ धरते. दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, तीन-तीन मजल्यांच्या, प्रत्येकीत बुडबुड्यांची नळी. जमीन कायम ओली, त्यामुळे सगळे गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून फेंगडे चालतात. टोकाला पत्र्याचं टेबल, आणि त्याच्या बाजूला साखळीने भिंतीला बांधलेला सिलिंडर. काकांचं राज्य एवढंच, पण तिथे त्यांचे हात बघावेत. ज्या माशांना जायचं असतं त्यांना दोन दिवस आधीपासून उपाशी ठेवतात, म्हणजे ते पिशवीतलं पाणी घाण करत नाहीत. मग पिशवी, तिच्यात एक भाग पाणी, मासे, पिशवी दाबून आतली साधी हवा बाहेर, नळी आत, आणि तीन भाग ऑक्सिजन. मानेला पीळ, पिळाला दुमड, दुमडीवर रबर. वर दुसरी पिशवी. हे सगळं चाळीस सेकंदांत. थर्मोकोलची पेटी बंद झाली की काका खिशातून काळा मार्कर काढतात आणि झाकणाच्या कोपऱ्यात एक आकडा लिहितात. चोवीस.

त्या आकड्याचा अर्थ, आतल्या जिवांना चोवीस तास पुरेल एवढा श्वास भरलाय. विमान दीड तासाचं असलं तरी चोवीस, पाच तासांचं असलं तरी चोवीस.

यावरून मालकांचं आणि काकांचं कायमचं वाजतं. वाजतं म्हणजे मालकच वाजतात. मालकांचं बोलणं असं, की आधी "म्हणजे कसं आहे ना" मग एक सुस्कारा, मग मुद्दा. पाणी म्हणजे वजन, जास्त श्वास म्हणजे मोठी पिशवी, मोठी पिशवी म्हणजे पेटीत कमी मासे. "म्हणजे कसं आहे ना... विमान दोन तासांत उतरतं. दोनाचे चार धरा, सहा धरा. चोवीस? हे मासे पाठवतोय की संन्याशाला गुहेत बसवतोय?" काका ऐकून घेतात आणि पुढच्या पेटीवर चोवीस लिहितात.

असं का, ते मला काकूने सांगितलं. काका कामावर लागले त्याला चारच वर्षं झाली होती तेव्हा. एका मोठ्या शहरात एकशे साठ पेट्या जायच्या होत्या, अंतर अकराशे चाळीस किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास पन्नास मिनिटं. तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे आताच्यांच्या वडिलांनी, सांगितलं की सहा तासांचं भर. काकांनी भरलं. विमान धुक्यात अडकलं, मग दुसऱ्याच शहरात उतरलं, पेट्या गोदामात राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या तशाच परत आल्या आणि रिवाज असा की ज्याने बांधल्या त्याने उघडायच्या. एकशे साठ पेट्या, एकेकीत बारा पिशव्या. काका सकाळी बसले ते संध्याकाळी उठले. घरी येऊन त्यांनी काकूला एवढंच सांगितलं, "एक तास पन्नास हा विमानाचा वेळ आहे. माशाचा नाही." काकू म्हणायची, लग्नानंतर तुझ्या काकाने आकडा सोडून बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते.

आता काकू. काकू म्हणजे आमच्या घरातलं हसणं. मी पाच वर्षांची असताना पहिली नक्कल केली ती तिच्यासाठी, आमच्या दातांच्या डॉक्टरची, आणि तिने हसून हसून पोळपाट पाडला होता. मला ती पोपट म्हणते. मी मुलगी आहे, तरी पोपटच. दोन वर्षांपूर्वी तिला जिना चढताना धाप लागायला लागली, मग चालताना, मग बसल्या बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, ओला स्पंज वाळून कडक होतो तशी. औषधाने वेग कमी होईल, वाळणं थांबणार नाही. तिच्या नाकाला नळी आली, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. फ्रीजएवढं घुमायचं ते, रात्रंदिवस.

मग माझ्या नकलांवर बंदी आली. हसली की खोकला, खोकला आला की ओठ निळे. काकूने डॉक्टरांशी घासाघीस केली, आणि शेवटी रोज एक यावर तडजोड झाली. मी रोज संध्याकाळी एक आवाज घेऊन जायचे. ती हसायची, मग खोकायची, आणि काका दाराशी घड्याळ बघत उभे. खोकला थांबला की आकडा सांगायचे. "तीन मिनिटं." पुढे "पाच." मग "नऊ." नऊ झाले तेव्हा मीच म्हटलं, काकू, आता नको. ती म्हणाली, "माझे नऊ आहेत, मला हवे तसे खर्च करीन."

उपाय एकच होता, दुसऱ्याची फुप्फुसं. ते ऑपरेशन आमच्या शहरात होत नाही. होतं ते त्याच शहरात, जिथे त्या एकशे साठ पेट्या जायच्या होत्या. आम्ही काकूला आगगाडीने तपासणीला नेलं, आठवडाभर तपासण्या झाल्या आणि शेवटी आम्हाला यादी सांभाळणाऱ्या बाईंसमोर बसवलं. या यादीवाल्या बाईंचा आवाज मला अजून नीट जमलेला नाही. मध घातलेलं बर्फाचं पाणी. "काळजी नसावी," असं प्रत्येक वाक्याच्या शेवटी. त्यांनी समजावलं, की फुप्फुसं कधी मिळतील सांगता येत नाही, उद्या किंवा वर्षाने. मिळाली की ती जास्त वेळ थांबत नाहीत. आम्ही फोन करू, तुम्ही सहा-सात तासांत पोचायचं. नाही पोचलात तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जातील, काळजी नसावी. आणि मग अर्ज पुढे सरकवला. त्यात एक चौकोन होता. घरापासून हॉस्पिटलपर्यंत पोचायला लागणारा वेळ.

खोलीत आम्ही पाच जण. बाई, बाबा, काका, काकू चाकाच्या खुर्चीत, आणि मी. बाबांनी मला सांगितलं, बघ गं फोनवर. मी दोन्ही शहरांची नावं घातली. उत्तर लगेच आलं, आणि मी ते विमानातल्या बाईच्या आवाजात वाचून दाखवलं, नाकातून, सुरावर तरंगत, शेवटचा शब्द हवेत सोडून: "अंतर अकराशे चाळीस किलोमीटर. उड्डाणाचा कालावधी, एक तास, पन्नास मिनिटं." यादीवाल्या बाईसुद्धा हसल्या. काकू हसली आणि खोकली.

काका म्हणाले, "नऊ."

बाबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे, नऊ तासांत माणूस समुद्र ओलांडतो. काकांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिला तयार करणं, घर ते विमानतळ, आधी हजर राहणं, विमानाचा उशीर, उतरल्यावर चाकाची खुर्ची, मग हे अख्खं शहर पार करणं, कारण विमानतळ त्या टोकाला आणि हॉस्पिटल या टोकाला. बाईंनी मान हलवली आणि गोडच आवाजात सांगितलं, की नऊ लिहिलंत तर नाव यादीत बसणार नाही. मग इथे जवळ खोली घेऊन राहावं लागेल, बरेच जण राहतात, मागच्या गल्लीत सगळे तेच आहेत.

काका लगेच म्हणाले, राहू. पण काकूने नळी सारखी केली, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "परक्या खोलीत बसून, कोण कधी मरतंय याची वाट बघत मी राहणार नाही. घरी राहीन. फोन आला तर येईन."

मग सगळे काकांकडे बघायला लागले. बाबा म्हणत होते, लिही रे, विमानाचाच वेळ विचारतात ना. बाई पेन धरून होत्या. काकू नुसती बघत होती. काकांनी पेन घेतलं, बराच वेळ तो चौकोन बघितला, आणि लिहिलं, विमानाने एक तास पन्नास मिनिटं, विमानतळाचं धरून पाच तास. खाली सही केली. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून वेळ भरला होता.

परतताना आगगाडीत त्यांचा चेहरा बघवेना. मी त्यांना डिवचायचं ठरवलं. म्हटलं, काका, पैज. आपल्या दारापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत पाच तास. ते म्हणाले, "नऊ." मी हरले तर काय? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "एक दिवस स्वतःच्या आवाजात बोलायचं. कुणाचाही आवाज काढायचा नाही." मी म्हटलं, चालेल, आणि तुम्ही हरलात तर एक तास एकही आकडा न उच्चारता बोलायचं. समोरच्या बाकावर काकू हसली आणि खोकली. काकांनी घड्याळ बघितलं, पण तेवढ्यात पैजेची आठवण होऊन आकडा गिळला. त्यावर ती पुन्हा हसली.

त्यानंतर सात महिने काकांनी आमच्या दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती. प्रवासात खांद्याला अडकवायचं छोटं मशीन आणि त्याच्या बॅटऱ्या. विमान कंपनीचा नियम असा, की उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात, म्हणजे पावणेतीन तासांच्या. हे वाचून काका माझ्या आठवणीत पहिल्यांदा मोठ्याने हसले. म्हणाले, "यात मी गप्पी मासासुद्धा पाठवणार नाही." त्यांनी चौदा तासांच्या बॅटऱ्या जमवल्या, सात, आणि प्रत्येकीवर काळ्या मार्करने क्रमांक घातला. दर दहा दिवसांनी डॉक्टरांकडून विमानप्रवासाचा दाखला नवा करून आणायचे. त्या शहराला जाणाऱ्या विमानांच्या वेळा पिशवीच्या आत चिकटवल्या होत्या. रोज तीनच विमानं. साडेसात, सव्वादहा, दोन चाळीस. शेडमध्ये ते फोन पत्र्याच्या टेबलावर उताणा ठेवून काम करायचे, आणि तो वाजला की हातातली पिशवी न बांधता सोडायचे. मालक म्हणाले, "म्हणजे कसं आहे ना..." आणि पुढे काहीच बोलले नाहीत. हे मी ऐकलेलं त्यांचं एकमेव अर्धं वाक्य.

फोन आला सकाळी सहा वीसला. यादीवाल्या बाई. फुप्फुसं मिळाली आहेत, रक्तगट जुळतोय, मापही. दुपारी दीडपर्यंत थांबता येईल, काळजी नसावी. बाबांनी फोन ठेवला आणि घरभर ओरडत सुटले, सात तास आहेत, दोन तासांचं विमान, सात तास आहेत. काका बोटांवर मोजत होते. सहा वीस ते दीड म्हणजे सात तास दहा मिनिटं. आणि त्यांचा आकडा नऊ. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "बघू." हा आकडा नव्हता, आणि म्हणून मला भीती वाटली.

आम्ही तिघं निघालो. काका, काकू, आणि फोनवर बोलायला मी, कारण काकूला बोलवत नव्हतं आणि काका बोलत नव्हते. सात वाजून पाच मिनिटांनी दार सोडलं. साडेसातचं विमान अर्थातच गेलं. विमानतळाला पन्नास मिनिटं लागतात, आम्हाला ऐंशी लागली. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. काउंटरवरच्या मुलाने सात बॅटऱ्या बघितल्या आणि विचारलं, एवढ्या कशाला? नियम पावणेतीन तासांचा आहे. त्याने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने आणखी वरिष्ठाला. तिघांनी दाखला वाचला. काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "सातही जातील." वीस मिनिटांनी सातही गेल्या. तिकडून येणारं विमानच उशिरा आलं, त्यामुळे सव्वादहाचं अकरा पाचला हललं.

विमानात दार बंद झालं आणि ती आली. ती बाई. नाकातून, सुरावर तरंगत. उड्डाणाचा कालावधी एक तास पन्नास मिनिटं असेल. हुबेहूब माझ्यासारखी. काकूने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, शाबासकी दिल्यासारख्या. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

वर गेल्यावर मशीन वाढवावं लागलं, तसं ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. वाढवलं की बॅटरी दुप्पट पटकन संपते. दुसरी गेली, तिसरी गेली. काका रिकामी काढून भरलेली घालत होते, शेडमध्ये पिशव्यांना रबर लावतात त्याच हातांनी, न बघता. एक दहाला खाली शहर दिसायला लागलं, आणि मग तेच शहर पुन्हा दिसलं, आणि पुन्हा. खाली उतरायला जागा नव्हती, आम्ही वर घिरट्या घालत होतो. त्याच त्याच इमारती, तोच एक पूल, तोच एक निळा पत्रा. काकू काकांच्या मनगटाकडे बघत होती. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं आणि त्यांनी हात झाकला नाही.

"वाजले?" तिने विचारलं.

"दीड."

"बरं," काकू म्हणाली.

आम्ही एक पस्तीसला उतरलो. फोन चालू केला तेव्हा त्यात बाईंचे चार चुकलेले फोन होते आणि एक निरोप. मी तो वाचला आणि काकांच्या हातात दिला. थांबता आलं नाही. पुढच्या रुग्णाला बोलावलं आहे. त्यात काळजी नसावी असं लिहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता आपण इथेच खाली बसणार. पण काकांनी बॅटऱ्या मोजल्या. दोन उरल्या होत्या, एक अर्धी लागलेली, एक भरलेली. पेटी उशिरा पोचली म्हणून ती रस्त्यात सोडत नाहीत. चाकाची खुर्ची सगळे उतरल्यावर आली. मग टॅक्सी आणि अख्खं शहर. प्रत्येक सिग्नलला काका पुढे वाकून मशीनवरचे दिवे बघायचे. चार दिवे, मग तीन. काकूचे ओठ निळे व्हायला लागले तेव्हा त्यांनी मशीन वाढवलं, आणि दोन दिवे राहिले. बरोबर चार वाजता हॉस्पिटलच्या दारात शिरलो तेव्हा एकच दिवा होता, लुकलुकणारा. विमान कंपनीच्या पावणेतीन तासांवर निघालो असतो तर काकू विमान हलायच्या आधीच संपली असती. चौदा तासांच्या बॅटऱ्या होत्या म्हणून ती पोचली, आणि जिच्यासाठी पोचायचं ती वेळ अडीच तास मागे राहून गेली होती.

यादीवाल्या बाई खाली आल्या. काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. ज्याला मिळाली, तो कुठे राहतो? बाई म्हणाल्या, नाव सांगता येणार नाही, पण जवळच, आणि नकळत त्यांचा हात मागच्या खिडकीकडे गेला. त्या गल्लीकडे. काकांनी मान हलवली, पेटी नीट पोचली असा फोन आल्यावर हलवतात तशी.

तिसऱ्या दिवशी काकूच्या छातीत जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, प्रवासाने झालं असेल, नसेलही. बरी होईपर्यंत नाव यादीतून थांबवतो. काकांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी आकडा दिला नाही. परत नेता येईल का? विमानाचा दाखला आता कुणी देणार नव्हतं. म्हणून काकांनी मागच्या गल्लीत खोली घेतली. एक पलंग, एक खिडकी, बाहेर दोरीवर लोकांचे पांढरे मास्क वाळत घातलेले. आता आम्ही हॉस्पिटलपासून एवढे जवळ होतो की फोन आल्यावर चहा पिऊन निघालं तरी पोचलो असतो. आणि फोन येणार नव्हता.

मालकांचाही फोन आला. चौकशी केली, आणि मग, म्हणजे कसं आहे ना, नवा माणूस पेटीवर किती तास लिहू म्हणून विचारतोय. काका म्हणाले, "चोवीस." मग म्हणाले, "अठ्ठेचाळीस सांगा." मालकांनी हो म्हटलं, वजनाबद्दल काहीही न बोलता.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता काकांनी माझी पैज मागितली. मला वाटलं होतं ते विसरले. म्हणाले, "आजचा दिवस. उद्या आठपर्यंत." मी म्हटलं, काका, आता कशाला? ते म्हणाले, नातेवाइकांचे फोन येणार आहेत, ते तू घे. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की काकू ऑपरेशनला गेली आहे, आणि मग पुढचं कुणाला सांगितलंच नव्हतं. शब्दांचा धबधबा आटला होता.

मग मी दिवसभर फोन घेतले. मला कुणाचाही आवाज उसना घेता येत नव्हता. यादीवाल्या बाईंच्या आवाजात मी ते सगळं सहज सांगू शकले असते. आत्याने पहिल्यांदा विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, तुझा आवाज असा आहे होय. मग तिने विचारलं, झालं का गं नीट? मी सांगितलं की झालं नाही, आम्ही वेळेत पोचलो नाही. आत्या म्हणाली, "पण विमानाने तर दोनच तास ना गं?"

पलीकडे काका जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसले होते, काहीच बांधायचं नसताना. वर न बघता म्हणाले, "नऊ तास चाळीस मिनिटं सांग. सहा वीसपासून." मी सांगितलं. तसं मी अकरा जणांना सांगितलं. फोन संपल्यावर मी म्हटलं, काका, तुम्ही जिंकलात. ते म्हणाले, "दारापासून धरलं तर आठ पंचावन्न. फोनपासून नऊ चाळीस. मी फोनपासून धरायला हवं होतं." मग घडी उलगडून पुन्हा घातली. "मी सही केली," ते म्हणाले.

पाच वाजता भेटायची वेळ असते. काकूच्या तोंडावर आता नळीऐवजी मास्क होता, आणि मास्कच्या आत दर श्वासाला धुकं धरत होतं आणि विरत होतं. तिने बोट वर केलं. एक. रोजचा एक. मी म्हटलं, आज नाही काकू, मी पैज हरले. उद्या सकाळी आठनंतर.

तिने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "पंधरा तास."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग मास्कच्या आतून म्हणाली, "मग तुझ्या आवाजात सांग काहीतरी."

माझ्याकडे चाव्यावाला होता, मालक होते, दातांचा डॉक्टर होता, विमानातली ती बाई होती, आणि त्या सगळ्यांना बाजूला केल्यावर मागे उभं कुणीच नव्हतं. शेवटी जे सुचलं ते म्हटलं. "खोलीपासून इथपर्यंत सात मिनिटं लागतात, काकू."

"आठ," काका म्हणाले. "जिना धरून."